थांबलेल्यांची मोजणी

१६ जुलै २०२१, शुक्रवार. त्या वर्षी महाराष्ट्रात दहावीची लेखी परीक्षा झालीच नव्हती. करोनामुळे ती रद्द झाली, नववीचे आणि दहावीचे अंतर्गत गुण धरून निकाल लावला गेला आणि राज्य मंडळाने तो दुपारी एक वाजता संकेतस्थळांवर पाहता येईल असं जाहीर केलं. निकाल ९९.९५ टक्के. म्हणजे नापास होण्याची धास्ती जवळपास कुणालाच नव्हती. तरीही एक वाजला आणि मंडळाची संकेतस्थळं बसली. दोन-चार मिनिटं नव्हे, कित्येक तास. साडेपंधरा लाखांहून अधिक मुलं, त्यांचे आईवडील, मुख्याध्यापक, क्लासवाले, गावाकडचे मामा आणि मावश्या एकाच पानावर बैठक क्रमांक टाकत होते आणि पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं.

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात समजतं. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, सेतू केंद्रात दाखला निघत नाही, पीक विम्याचा अर्ज शेवटच्या दिवशी पुढे सरकत नाही, तेव्हा काउंटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोघंही हेच वाक्य बोलतात आणि विषय तिथेच संपतो. ते कुणाच्या हातातलं नाही असं दोघांनीही धरलेलं असतं. मला हे मान्य नाही. सर्व्हर कधी बसेल, किती माणसं आल्यावर बसेल आणि बसण्याआधी किती वेळ रखडेल, हे आधी मोजता येतं. त्या मोजण्याला लोड टेस्टिंग म्हणतात. हे काम जगभर रोज चालतं, आणि बऱ्याचदा चुकीच्या रीतीने चालतं. त्या चुकीत एक विशिष्ट गोष्ट पुन्हापुन्हा घडते: ज्यांना थांबावं लागलं, त्यांची मोजणीच होत नाही.

आधी निकालाच्या पानाचा हिशोब करू, कारण संगणकाच्या दृष्टीने याहून सोपं काम शोधूनही सापडणार नाही. विद्यार्थी बैठक क्रमांक टाकतो, आईचं नाव टाकतो आणि गुण पाहतो. कुणी काही बदलत नाही. रेल्वेच्या तिकिटात एकच बर्थ दोघांना जाऊ नये म्हणून कुलपं लावावी लागतात, बँकेत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाताना जपावं लागतं. इथे त्यातलं काहीच नाही. एका मुलाचा निकाल दोन किलोबाइटचा धरला तर सोळा लाख मुलांचा मिळून जेमतेम सव्वातीन गिगाबाइट होतो. तो साध्या लॅपटॉपच्या मेमरीतही मावेल. सगळी पानं आदल्या रात्री तयार करून ठेवता येतात, आणि मग दुपारी एक वाजता डेटाबेसला हातही लावावा लागत नाही.

आता येणाऱ्यांचा हिशोब. समजा, पहिल्या पाच मिनिटांत आठ लाख जण आले. तीनशे सेकंदांत आठ लाख म्हणजे सेकंदाला सुमारे २,६६७. प्रत्येक जण आधी मुख्य पान उघडतो, मग बोधचिन्ह, रंगसंगतीची फाइल, अर्ज, शेवटी निकाल. एका माणसामागे दहा रिक्वेस्ट धरल्या तर सेकंदाला सव्वीस हजारांच्या वर. शिवाय ही पाच मिनिटांची सरासरी झाली, आणि एक वाजून पाच सेकंदांनी सरासरी नसते. घड्याळाकडे डोळे लावून बसलेली माणसं एकदमच येतात. हा सगळा हिशोब कागदावर दहा मिनिटांत होतो. पुढचा प्रश्न असा की एवढी गर्दी आल्यावर आपली यंत्रं काय करतात. तो कागदावर सुटत नाही, त्यासाठी खोटी गर्दी तयार करून सर्व्हरवर सोडावी लागते.

या कामात दोन आकडे सतत तोंडात असतात. सर्व्हर एका सेकंदात किती रिक्वेस्ट पुऱ्या करतो ते थ्रूपुट, आणि एकेका रिक्वेस्टला उत्तर मिळायला किती वेळ लागला ती लेटन्सी. पहिला आकडा यंत्राच्या मालकाला हवा असतो, दुसरा समोरच्या माणसाला भोगावा लागतो. या दोघांमधलं नातं सरळ रेषेत नाही, आणि तिथेच बहुतेकांचा अंदाज कोसळतो.

गावातली पिठाची गिरणी घ्या. एका डब्याला सरासरी सहा मिनिटं लागतात. कुणाचं पायलीभर ज्वारीचं दळण, कुणाचं किलोभर बेसन. म्हणजे तासाला दहा डबे ही गिरणीची कमाल. बायामाणसं ठरवून येत नाहीत, जमेल तशी येतात. तासाला पाच डबे आले तर डबा ठेवल्यापासून पीठ हातात पडेपर्यंत सरासरी बारा मिनिटं जातात. आठ आले तर तीस मिनिटं. नऊ आले तर तब्बल एक तास. पाचाचे नऊ झाले, म्हणजे गिऱ्हाईक दुपटीहूनही कमी वाढलं, आणि थांबणं पाचपट झालं. साडेनऊ झाले तर दोन तास. गिरणीवाला मात्र म्हणेल की पट्टा तर तेवढ्याच वेगाने फिरतोय, आणि ते खरंच असेल.

हे गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये फोन कसे येतात याचं गणित मांडलं, आणि किती तारा व किती ऑपरेटर लागतील याचा हिशोब पुढे त्यातूनच उभा राहिला. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एका छोट्या नियमाला पक्की सिद्धता दिली: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ. तासाला नऊ डबे, प्रत्येकाचा एक तास, तर गिरणीत सरासरी नऊ डबे. बस, एवढाच नियम. पण सर्व्हर का बसतो हे समजायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

टॉमकॅट हा जावा जगातला बराच वापरला जाणारा सर्व्हर. कुणी सेटिंगला हात लावला नाही तर त्यात दोनशे थ्रेड असतात, म्हणजे एका वेळी दोनशे रिक्वेस्ट हाताळायची तयारी. एका रिक्वेस्टला दशांश सेकंद लागत असेल तर लिटल यांच्या नियमाने सेकंदाला दोन हजार रिक्वेस्ट निघतील. उत्तम. आता मागचा डेटाबेस थोडा दमला आणि प्रत्येक रिक्वेस्ट दोन सेकंद अडकू लागली. तेच दोनशे थ्रेड, तेच यंत्र, काहीही मोडलेलं नाही. पण आता सेकंदाला फक्त शंभर निघतात. उरलेले एकोणीसशे दर सेकंदाला दारात साचत जातात. अशा वेळी प्रोसेसरचा आलेख पाहिला तर तो जवळजवळ रिकामा दिसतो, कारण थ्रेड काम करत नसतात, उत्तराची वाट पाहत असतात. 'सर्व्हरवर तर लोडच नाही' असं सांगणारा तंत्रज्ञ अशा वेळी खोटं बोलत नसतो. तो फक्त चुकीच्या आलेखाकडे बघत असतो.

त्यात माणसाचा स्वभाव मिसळतो. पान उघडलं नाही की आपण रिफ्रेश करतो. आधीची रिक्वेस्ट मात्र आत रांगेत तशीच असते. तिची पाळी येते, सर्व्हर तिच्यासाठी डेटाबेसला विचारतो, पान तयार करतो आणि पाठवतो, पण घ्यायला पलीकडे कुणी नसतं. एकेक जण चार वेळा रिफ्रेश करू लागला की सर्व्हरचं बहुतेक काम निघून गेलेल्यांसाठी होऊ लागतं. थ्रूपुटचा आकडा वर दिसतो आणि एकाही मुलाला निकाल दिसत नाही. या अवस्थेतून सर्व्हर आपोआप बाहेर येत नाही. मूळ गर्दी ओसरली तरी रिफ्रेशची गर्दी त्याला दाबून ठेवते. म्हणूनच एक वाजता बसलेलं संकेतस्थळ दोनला उठत नाही.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं अपयश मात्र अमेरिकेचं आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथल्या केंद्र सरकारने आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ सुरू केलं. ३६ राज्यांचे नागरिक त्यावरून विमा घेणार होते. एका वेळी ५० ते ६० हजार माणसं येतील असा अंदाज होता. आली सुमारे अडीच लाख. पहिल्या दिवशी विमा घेण्यापर्यंत किती जण पोचले हे नंतर संसदीय समितीपुढे आलेल्या टिपणांतून कळलं: सहा. सहा हजार नव्हे, सहा. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या असतील तरी आधी खातं उघडा अशी रचना होती, त्यामुळे सगळी गर्दी खातं उघडण्याच्या एकाच दारावर चेपली गेली.

मला यातली सर्वांत गंभीर बाब वेगळी वाटते. सुरू होण्याच्या काही दिवस आधी त्यांनी लोड टेस्ट केली होती आणि त्यात काहीशे माणसांच्या खोट्या गर्दीतच यंत्रणा अडकली होती. म्हणजे चाचणीने आपलं काम केलं होतं. आकडा समोर होता. तारीख मात्र राजकारणाने ठरवलेली होती, आणि ती हलली नाही. पुढे दोन महिने बाहेरून बोलावलेल्या अभियंत्यांनी, त्यात गूगलमधून आलेले मायकी डिकर्सन होते, रात्रंदिवस खपून ते सावरलं. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने जाहीर केलेल्या अहवालात पानाला लागणारा वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आल्याचं आणि एका वेळी ५० हजार माणसं झेपत असल्याचं सांगितलं होतं. त्याहून जास्त आली तर त्यांना रांगेत उभं करून नंतर ईमेलने बोलावण्याची सोयही आता होती. अंदाजातला मूळ आकडा गाठायला अपयशानंतरचे दोन महिने लागले.

तिथे निदान चाचणी खरं बोलली. चाचणीच खोटं बोलते तेव्हा काय होतं, हे मला जास्त तपशिलात सांगायचं आहे.

सेकंदाला शंभर रिक्वेस्ट पाठवणारं एक टेस्टचं साधन घेऊ. ते एक रिक्वेस्ट पाठवतं, उत्तर येईपर्यंत थांबतं, वेळ नोंदवतं, मग पुढची पाठवतं. सर्व्हर प्रत्येकीला १० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, उत्तर देतो. असे शंभर सेकंद छान जातात. दहा हजार नोंदी, प्रत्येकी १० मिलिसेकंद. मग सर्व्हर पूर्ण शंभर सेकंद गोठतो. अशा वेळी साधन काय करतं? एक रिक्वेस्ट पाठवून बसून राहतं. शंभर सेकंदांनी सर्व्हर हलतो, उत्तर येतं, एक नोंद होते: १०० सेकंद. चाचणी संपते. एकूण नोंदी १०,००१. सरासरी सुमारे २० मिलिसेकंद. शंभरातल्या नव्याण्णवांनाच काय, दहा हजारांतल्या ९,९९९ जणांना १० मिलिसेकंदांत उत्तर मिळालं असं अहवाल म्हणतो. हा अहवाल साहेबांच्या टेबलावर जातो आणि मंजूर होतो.

खऱ्या जगात त्या शंभर सेकंदांत लोक यायचे थांबले नसते. सेकंदाला शंभर याच दराने आणखी दहा हजार माणसं आली असती. गोठताच आलेला शंभर सेकंद थांबला असता, शेवटी आलेला क्षणभर. त्यांचं सरासरी थांबणं पन्नास सेकंद. म्हणजे एकंदर वीस हजारांपैकी निम्म्यांना सरासरी पन्नास सेकंद ताटकळावं लागलं असतं, आणि सगळ्यांची मिळून सरासरी २० मिलिसेकंद नव्हे, तर सुमारे २५ सेकंद आली असती. बाराशे पटींहून अधिक फरक. यात कुणी आकडे बदलले नाहीत, कुणी काही दडवलं नाही. साधन सर्व्हरसोबत थांबलं, एवढंच झालं. सर्व्हर सर्वांत वाईट वागत होता नेमक्या त्याच वेळी त्याने माणसं पाठवणं बंद केलं, आणि जी दहा हजार माणसं सर्वांत जास्त थांबली असती ती जन्मालाच आली नाहीत.

अझुल सिस्टिम्स या कंपनीचे गिल तेने यांनी हा दोष जाहीर व्याख्यानांतून वर्षानुवर्षं समजावून सांगितला. ते त्याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' म्हणतात. दुबळेपणा झाकण्याचा कट जणू चाचणी आणि सर्व्हर यांनी मिळून केला असावा, असा तो परिणाम असतो. विल ग्लोझर यांनी लिहिलेल्या डब्ल्यूआरके या साधनाची तेने यांनी डब्ल्यूआरके-टू नावाची सुधारित आवृत्ती काढली. ती ठरलेल्या दराने रिक्वेस्ट पाठवते आणि रिक्वेस्ट जेव्हा निघायला हवी होती त्या क्षणापासून थांबण्याचा वेळ मोजते. तिच्या आधी, २००६ मध्ये, बियांका श्रोडर, अ‍ॅडम वायरमन आणि मोर हार्कोल-बाल्टर या तिघांनी एका शोधनिबंधात दाखवून दिलं होतं की ठरावीक माणसं फिरून फिरून येतात अशी चाचणी आणि नवी माणसं बाहेरून येतच राहतात अशी चाचणी यांचे निष्कर्ष एकमेकांपासून फार दूर जातात.

हे कळून इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या निविदांमध्ये आणि अहवालांमध्ये 'कॉन्करंट यूजर', म्हणजे एका वेळी आत असलेली माणसं, हाच शब्द ठळक असतो. पाच हजार कॉन्करंट यूजर झेपतात, दहा हजार झेपतात. जेमीटर या सर्वांत प्रचलित साधनात नेहमीचा थ्रेड ग्रुप वापरला की अशीच चाचणी होते: दहा हजार खोटी माणसं, प्रत्येक जण उत्तर आल्यावरच पुढचं विचारतो. सर्व्हर हळू झाला की हीही हळू होतात. दहावीच्या निकालाला येणारी मुलं असं करत नाहीत. अकोल्याच्या मुलीला सांगलीच्या मुलाचं पान उघडलं की नाही हे माहीत नसतं. ती तिच्या वेळेला येतेच. केसिक्स आणि गॅटलिंग या साधनांमध्ये 'सेकंदाला इतकी नवी माणसं' असं सांगायची सोय आहे, आणि जेमीटरमध्येही ती करता येते. म्हणजे अडचण साधनांची नाही. निविदा लिहिणाऱ्याने येण्याचा दर मागितलेला नसतो.

सरासरीच्या बाबतीतही माझं मत ठाम आहे: लेटन्सीच्या अहवालात तिला जागाच देऊ नये. नव्वद मुलांना दशांश सेकंद आणि दहा मुलांना तीस सेकंद लागले तर सरासरी सुमारे तीन सेकंद येते, आणि तीन सेकंद शंभरातल्या एकालाही लागलेले नसतात. म्हणून या क्षेत्रातली माणसं 'पी नाइन्टी नाइन' विचारतात: शंभरातल्या नव्याण्णवांना जास्तीत जास्त किती वेळात उत्तर मिळालं? उरलेला एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दहावीच्या निकालात तो एक टक्का म्हणजे पंधरा हजारांहून अधिक मुलं. गूगलच्या जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये आणखी एक हिशोब मांडला. एक सर्व्हर शंभरातून एकदाच रखडतो असं धरा, पण एक पान तयार करायला असे शंभर सर्व्हर लागतात. सगळेच्या सगळे वेळेवर येण्याची शक्यता उरते ३७ टक्के. शंभरातल्या ६३ जणांना रखडलेलं पानच दिसतं. एकेका यंत्राचा अहवाल पाहिला तर सगळं ठीक असतं.

मग खोटी गर्दी नीट तयार करणं हेच एक कसब होऊन बसतं, आणि त्यात पावलोपावली फसायला होतं. एकाच लिनक्स यंत्रावरून एकाच सर्व्हरवर मारा करायचा तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक पोर्ट लागतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये असे पोर्ट ३२,७६८ ते ६०,९९९ म्हणजे २८,२३२ असतात, आणि जोडणी आपल्या बाजूने बंद केली की तो पोर्ट साठ सेकंद अडकून राहतो. दर रिक्वेस्टला नवी जोडणी केली तर सेकंदाला सुमारे ४७० च्या पुढे जाताच येत नाही. चाचणी करणारा लिहितो, सर्व्हर ४७० वर थकला. सर्व्हर मात्र निवांत असतो. दम लागलेला असतो तो मारा करणाऱ्या यंत्राला.

उलट दिशेनेही फसगत होते. एकच बैठक क्रमांक लाख वेळा विचारला की तो निकाल कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतींत, जाऊन बसतो आणि सर्व्हर विजेसारखा चालतो. खऱ्या दिवशी पंधरा लाख वेगवेगळे क्रमांक येतात. आणि चाचणी बहुधा सर्व्हरच्याच डेटा सेंटरमधून, जाड केबलवरून होते, तर खरी मुलगी गडचिरोलीत एका काडीच्या नेटवर्कवर असते. तिला पान पोचायला वीस सेकंद लागत असतील तर तेवढा वेळ तिची जोडणी सर्व्हरवर उघडी राहते. पुन्हा लिटल यांचा नियम लावा: सेकंदाला २,६६७ माणसं आणि प्रत्येकी ०.२ सेकंद म्हणजे एका वेळी साधारण ५३३ जोडण्या. तीच माणसं प्रत्येकी वीस सेकंद थांबली तर त्रेपन्न हजारांवर. माणसं तेवढीच, फक्त त्यांचं नेटवर्क कच्चं. एका यंत्रावर दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये मांडला होता, आणि रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एंजिनएक्स हा सर्व्हर त्याच प्रश्नाचं उत्तर होता. पण एंजिनएक्स बसवला आहे की नाही आणि त्याच्या मागे काय आहे, हे हळू नेटवर्कची गर्दी सोडल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं नेटकं करणारे लोक आपल्याकडे आहेत, हे मी आवर्जून सांगतो. १० जुलै २०१९ ला मँचेस्टरमध्ये न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाची उपांत्य फेरी चालू होती, भारत २४० धावांच्या मागे होता, धोनी आणि जडेजा खेळत होते आणि मुंबईच्या स्टार समूहाच्या हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना बघत होते. त्यांच्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानांत तयारीचा तपशील दिला. खोटी गर्दी निर्माण करण्यासाठीच त्यांनी तीन हजारांहून जास्त यंत्रं, एक लाखाहून अधिक प्रोसेसर, आठ वेगवेगळ्या विभागांतल्या डेटा सेंटरमधून भाड्याने घेतले होते. त्या प्रकल्पाचं नाव हल्क. त्यांनी नुसता शिखराचा आकडा धरला नाही, तिथवर चढण्याचा वेग धरला: मिनिटाला दहा लाख नवी माणसं. नवं यंत्र सुरू होऊन कामाला लागेपर्यंत मिनिट-दीड मिनिट जातं. तेवढ्यात आणखी दहा-पंधरा लाख येऊन बसतात. म्हणून गर्दी दिसल्यावर यंत्रं वाढवण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही, ती आधीच उभी करून ठेवली.

त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत आवडलेला भाग गर्दी उतरण्याचा आहे. मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीने धोनी धावचीत झाला आणि काही मिनिटांत कोट्यवधी लोक निघून गेले. कुणालाही वाटेल की आता सर्व्हरची सुटका झाली. पण निघून जाणारा माणूस फोनवर 'मागे'चं बटण दाबतो आणि मुख्य पानावर येतो. सामन्याचा व्हिडिओ देशभर पसरलेल्या कॅश सर्व्हरमधून येत असतो. मुख्य पान मात्र प्रत्येकाच्या आवडीनुसार ताजं तयार होतं, त्यामागे कितीतरी सेवा असतात. त्या सेवांवर कोट्यवधी लोक एकदम कोसळतात. विकेट पडली की यंत्रं कमी करायची नाहीत, हे त्यांनी आधीच्या मोजणीतून शिकून ठेवलं होतं. आणि फारच ताण आला तर शिफारशी बंद, वैयक्तिक पान बंद, पण सामना चालू राहील अशी सोय होती. काय सोडायचं आणि काय शेवटपर्यंत धरायचं हे शांत वेळी ठरवलेलं होतं. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच उपांत्य सामना झाला तेव्हा हा आकडा ५ कोटी ३० लाखांवर गेला, आणि चार दिवसांनी अंतिम सामन्यात ५ कोटी ९० लाखांवर.

क्रिकेटला जे जमतं ते सरकारी कामाला जमत नाही असंही नाही. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता करोना लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळावर अठरा वर्षांवरील सर्वांची नोंदणी उघडली. सुरुवातीची काही मिनिटं अनेकांना ओटीपीच येईना. पण सरकारने दुसऱ्या दिवशी दिलेल्या माहितीनुसार सुरुवातीला मिनिटाला २७ लाख, म्हणजे सेकंदाला ४५ हजार रिक्वेस्ट येत होत्या, आणि दिवसअखेर सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली. लसच कमी होती, ती अडचण सर्व्हर सोडवू शकत नव्हता.

रेल्वेने तर हे सगळं डोळ्यांदेखत शिकत नेलं आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये नवी ई-तिकीट यंत्रणा आली तेव्हा क्षमता मिनिटाला दोन हजार तिकिटांवरून ७,२०० वर गेली. २०१५ च्या जूनमध्ये तत्काळची वेळ विभागली, वातानुकूलित दहाला आणि बाकीचं अकराला. गर्दीचं शिखर फोडण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय. २२ मे २०२५ ला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. त्याच सुमारास रेल्वेने हेही जाहीर केलं की तत्काळ उघडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिन करू पाहणाऱ्यांपैकी निम्मे बॉट असतात. म्हणजे गर्दीचा अंदाज करताना माणसांची संख्या धरली तर निम्माच अंदाज होतो.

गणपतीला कोकणात जायचं म्हणून साठ दिवस आधी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसणारी परळ-लालबागची, डोंबिवलीची, विरारची माणसं या आकड्याच्या दुसऱ्या बाजूला असतात. मिनिटाला ३१,८१४ हे थ्रूपुट झालं. अशा एका मिनिटाला किती जणांनी प्रयत्न केला, त्यातल्या किती जणांचं पान उघडलंच नाही, आणि ज्यांना पुढे वेटिंग मिळालं त्यातल्या किती जणांचं पान आठच्या ठोक्याला गोठलेलं होतं, हे त्या आकड्यात नाही. गाडीत जागा कमी असणं मी समजू शकतो. पण जागा संपली म्हणून तिकीट हुकलं की पान लटकलं म्हणून, हे कळण्याचा त्या माणसाला हक्क आहे.

निकाल, भरती परीक्षा, प्रवेशफेऱ्या, अनुदानाचे अर्ज यांच्या प्रत्येक संकेतस्थळाची निविदा निघते. तिच्यात यंत्रांची संख्या लिहिलेली असते, कॉन्करंट यूजर लिहिलेले असतात. त्यांच्या जागी सेकंदाला किती नवी माणसं येतील तो दर लिहावा, आणि त्या दरात शंभरातल्या नव्याण्णवाव्या माणसाला किती सेकंदांत उत्तर मिळायला हवं ते लिहावं. चाचणी सर्व्हरसाठी थांबणारी नसावी. क्रमांक पंधरा लाख वेगवेगळे असावेत, जोडण्या गडचिरोलीच्या आणि सिंधुदुर्गाच्या मोबाइल नेटवर्कइतक्या हळू असाव्यात, आणि पान न उघडलेला प्रत्येक जण रिफ्रेश करणारा असावा. अहवाल निकालाच्या आठवडाभर आधी मंडळाच्या संकेतस्थळावर लागावा, आणि त्यात आकडा कमी आला तर निकालाची वेळ नऊ विभागांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने वाटून द्यायला मंडळाकडे सात दिवस हाताशी असतील.